ताईच्या नावाची फरशी

शनिवारी पहाटे जळगावहून बसने निघालो तेव्हा मांडीवर ताईच्या नावाची संगमरवरी फरशी होती, पाट्याएवढी, चादरीत गुंडाळलेली. ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, जाऊन तीन महिने झाले. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर दर शनिवारी ती साक्रीपलीकडच्या एका पाड्यावर जायची. तिथल्या चर्चच्या भिंतीवर तिचं नाव आणि खाली बायबलमधलं एक वचन लागावं, ती विसरली जाऊ नये, एवढंच मनात होतं. मी ग्रंथपाल होतो. जपून ठेवणं एवढंच मला येतं.

कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. "काका, पाटा घेऊन निघालात? वरवंटा घरी राहिला वाटतं!"

धुळ्याला बस बदलली, साक्रीला जीप घेतली. कपाशी मागे पडली, डोंगर जवळ आले, उतारांवर नागलीची (नाचणीची) बारकी शेतं दिसू लागली. एका खड्ड्यात फरशी आपटली आणि कोपऱ्याचा टवका उडाला. नाव शाबूत होतं.

चर्च पाहिलं आणि चूक ध्यानात आली. भिंती कुडाच्या (बांबूच्या काड्या विणून शेणमातीने लिंपलेल्या) होत्या. तिथल्या ख्रिस्ती मंडळीचं काम पाहणाऱ्या आबांनी फरशी हातांवर तोलली.

"भाऊ, हाई भिंत इतला भार नही पेलाव. ताईनी सांगं नही का?"

सांगितलं नव्हतं. की मीच कधी विचारलं नव्हतं?

ताईला मदत करणाऱ्या अक्कांकडे जेवलो. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. अक्का फरशीकडेच पाहत होत्या.

"हातपंपजोडे टाकूत," त्या म्हणाल्या. "पाय धोवाले."

शनिवारी ताई हातपंपाजवळच जखमा धुवायची. महारोगातून बरे झालेल्या काहींचे तळवे कायमचे बधिर असतात. काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते. आणि धुतलेला पाय पुन्हा चिखलातच टेकायचा.

"त्यावर वचन आहे," मी म्हणालो. "तिचं नाव आहे. त्यावर पाय?"

"मंग पालथी टाकूत."

"मग नाव वाचणार कोण?"

"आम्हले वाचानं कसाले? ताई आम्हले म्हाईत शे."

आबा हसले. मला राग आला, आणि अक्कांचं बरोबर आहे असंही वाटलं. नाही म्हणालो असतो तर कुणी आग्रह केला नसता. मी मान डोलावली. आबांनी फरशी पालथी घातली, नाव चिखलात गेलं.

थोड्या वेळाने काठी टेकत एक माणूस आला. तो ख्रिस्ती नव्हता. अक्कांनी त्याची पट्टी सोडली आणि तांब्या माझ्या हातात दिला. "वता, भाऊ." दर्प नाकात शिरला, मी तोंड फिरवलं, निम्मं पाणी त्याच्या पँटवर गेलं.

"आंघोय घाली राहिनात का?" तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे रे. ताई बी पयलांदाव ओकनी व्हती," अक्का हसल्या. "तठे, झाडना मांगे."

हे ताईने मला कधी सांगितलं नव्हतं. मी समजत होतो, तिची श्रद्धा पक्की होती म्हणून तिला हे जमलं. माझी पक्की झाली की मीही काहीतरी करेन, अशा बेतात मी पेन्सिलीने खुणा करत बायबल वाचत आलो.

आज, गुरुवारी, जळगावच्या आमच्या चर्चमधल्या एका गृहस्थांनी फोटो मागितला. मोबाइलमध्ये पांढरी कोरी फरशी होती आणि तिच्यावर पट्टी बांधलेली एक टाच.

"अहो, उलटी बसवली की!"

"हो," मी म्हणालो.

ताई त्या फरशीत आहे की नाही, मला सांगता येत नाही. तांब्या धरायला मात्र कुणीतरी लागतं, एवढं पाहून आलो. आधी विश्वास ठेवायचा आणि मग पाणी ओतायचं, की पाणी ओतत राहायचं आणि विश्वास येतो का ते पाहायचं, याचा उलगडा अजून झालेला नाही.

परवा शनिवार आहे.