नाचाच्या हॉलला बाभळीची जमीन

"आ तो बळतण छे, बेन!" ट्रकमधून उतरलेला ढीग पाहून जयेशभाई म्हणाले. म्हणजे जळण. जयेशभाई आमच्या सुरतच्या लाकूड-कारखान्याचे मालक, मी तिथे प्रॉडक्शन बघते. ढिगात बाभळीचे बारके ओंडके होते. वाकडे, गाठींनी भरलेले. एकातूनही लांब फळी निघाली नसती.

मला फळी नकोच होती. सुरतेतल्याच नवागामच्या खानदेशी मंडळाच्या हॉलमध्ये वैशालीताई मुलींना नाच शिकवतात. खाली टाइल्स. मुलींच्या नडग्या दुखायच्या, दोघी-तिघींनी क्लास सोडला होता. सागाची जमीन मंडळाला झेपणारी नव्हती. बाभूळ सागाहून कठीण. आणि वाकडा ओंडकासुद्धा हातभर लांबीचा कापला की तुकडा जवळपास सरळ निघतो. गाठी काढून टाकायच्या, त्याच्या पट्ट्या पाडायच्या आणि जोडत जायचं.

मंडळाचे अध्यक्ष रामदासआप्पा नमुना बघायला आले.

"ह्या बठ्ठा तुकडाच शेतस ना, ताई!" सगळे तुकडेच बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "पोरींच्या पायात कूस गेली तर?"

मी घासलेल्या पट्टीवरून त्यांनाच तळहात फिरवायला लावला. आप्पा तयार झाले. इतके, की दुसऱ्याच दिवशी उद्घाटनाची तारीख ठरवून मोकळे.

इथे अडलं. लाकडात किती ओल आहे ते मीटर सांगतो. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा दिसतो. बऱ्याचशा पट्ट्या आतून ओल्याच होत्या. वाळवणीच्या चेंबरमध्ये अजून वेळ हवा होता.

"बेन, ऊपर से तो सूखा है. लगा दो," जयेशभाई म्हणाले.

"नाही लावणार."

"ऑर्डर जाएगा."

"फटी पडल्या तर ऑर्डरबरोबर नावही जाईल."

ते रागावून निघून गेले. मी दोन छोटे चौकोन जोडले, एक ओल्या पट्ट्यांचा, एक सुक्यांचा. दोन्ही शेडच्या पत्र्याखाली, उकाड्यात ठेवले. काही दिवसांनी ते उचलून त्यांच्या टेबलावर आणले. जयेशभाईंनी ओल्या चौकोनाच्या फटीत स्कूटरची चावी घातली. सहज आत गेली. सुक्यात नखही जाईना. आप्पांना फोन त्यांनी स्वतःच लावला.

"अहो, पत्रिका वाटल्या आम्ही!" आप्पांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता.

मी फोन मागून घेतला. "आप्पा, स्टेजपुरत्या पट्ट्या वाळल्यात. स्टेज वेळेवर देते. हॉल नंतर."

उद्घाटन स्टेजवरच झालं. मुली दणादण नाचल्या. हॉलची जमीन पुढे सावकाश बसवली, तेव्हा आप्पांनी भिंतीलगत सुटलेल्या फटीकडे बोट दाखवलं. "इथं काम राहिलं तुमचं."

"राहिलं नाही, ठेवलंय. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याला सरकायला जागा लागते." ती फट मी वरून लाकडी पट्टीने झाकली.

भर श्रावणात मी हॉलमध्ये अनवाणी फिरून आले. एकही पट्टी उचलली नव्हती. क्लास सोडलेल्या मुलींपैकी एक परत आली होती. वैशालीताई म्हणाल्या, "आता थांब म्हटलं तरी थांबत नाहीत." मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

हल्ली जयेशभाई गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतात, "मीटर देखे बिना हम माल नहीं देते." मी त्यांचं बोलणं दुरुस्त करत नाही. हलक्या प्रतीच्या लाकडाचीही चांगली वस्तू होते, यात शंका नाही. फक्त लाकूड स्वस्तात मिळालं म्हणून त्याचा वाळायचा वेळही वाचवायला जाऊ नये.