जावई, पेन ड्राइव्ह आणि दोन नंबरची खोली

समस्त संत्रा बागायतदार, व्यापारी, हमाल बांधव आणि दुपारी गारव्याला येऊन बसणारे प्रतिष्ठित नागरिक यांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आजपासून संगणकाच्या खोलीत कोणाच्याही जावयास प्रवेश नाही. हुकुमावरून.

हा फलक मी स्वतः लाल शाईने, सुवाच्य अक्षरांत लिहिला होता. तो दारावर लागला नाही. शेटजींनी वाचला, त्याची घडी घातली आणि खिशात टाकली. "माह्या बायकोनं पाह्यला तं तुम्ही अन् मी, दोघंही बाहेर," ते म्हणाले.

दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. सिंदी रेल्वेला शेटजींचं शीतगृह होतं आणि त्याचा कारभार माझ्याकडे होता. कारभार म्हणजे खरं तर संगणकाकडे पाहणं. कोणत्या खोलीत किती अंश, कोणता कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, पंखे कधी बंद, सगळं त्यातला प्रोग्रॅम ठरवायचा. त्याला उष्णता सोसत नाही म्हणून त्याच्या खोलीला एसी होता. मे महिन्यात एवढी एकच जागा माणसांनी बसण्यासारखी असल्यामुळे तिथे कायम चार-पाच जण बसलेले असत. चपला मात्र बाहेर. आमच्या सुरक्षेचं ते पहिलं आणि शेवटचं कलम होतं. पासवर्ड स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला होता, विसरू नये म्हणून.

प्रोग्रॅम बसवणाऱ्या पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं. प्रोग्रॅममध्ये काही कच्च्या जागा सापडल्या आहेत, त्यांतून बाहेरचं काहीही आत शिरू शकतं, सोबतच्या सीडीने दुरुस्ती करून घ्यावी. मी सीडी शेटजींना दाखवली. त्यांनी आधी कॅलेंडर पाहिलं.

"अधिक महिना लागला. नवं काम आता नाई."

"शेटजी, कंपनीनं ताबडतोब लिहिलंय."

"कंपनीले अधिक कळते काय?"

सीडीला हळदकुंकू लागलं आणि ती महिनाभरासाठी देवाच्या तसबिरीपुढे गेली. मीही फार ओढून धरलं नाही. खोटं कशाला सांगू, मलाही ती तिथे शोभून दिसली.

आता अधिकात नवं काम करत नसले, तरी जावयाला जेवायला बोलावतातच. शेटजींचे जावईबापू अनारसे खाऊन, नवे कपडे अंगावर घालून, घरात उकडतंय म्हणून थेट आमच्या गारव्यात आले. खिशातून पेन ड्राइव्ह काढला. लग्नाचे फोटो सासऱ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. मी शेटजींकडे पाहिलं, शेटजींनी छताकडे पाहिलं. अधिकातल्या जावयाला नाही म्हणायची सोय आमच्याकडे नाही. मीच खुर्ची सोडून त्यांना बसवलं. फोटो छान होते. तासभर चालले.

तिसऱ्या दिवशी हिंगणीच्या काकू आल्या. काकूंच्या बागेतला संत्र्याचा अख्खा मृग बहार दोन नंबरच्या खोलीत होता. नवरा गेल्यानंतर त्यांनी एकटीने काढलेला तो पहिला बहार, आणि भाव चढेपर्यंत तो धरून ठेवायची जिद्दही त्यांचीच. दर आठवड्याला येऊन क्रेटवर हात फिरवून जायच्या. त्या दिवशी दारातूनच परतल्या.

"भाऊ, आत गारवा काऊन नाई?"

"काकू, सात अंश आहे. हे पहा ना." मी ऐटीत स्क्रीन दाखवला.

"ते तुमच्या टीव्हीत असन. तुम्ही आत या न."

मी गेलो. दाराशी सुतळीला टांगलेला जुना काचेचा थर्मामीटर सतरा दाखवत होता. स्क्रीनवरचा सात पहाटेपासून तसाच गोठून होता आणि प्रोग्रॅमने कॉम्प्रेसरला उठवणं सोडून दिलं होतं. मी पॅनेलचं बटण फिरवून सगळं हातावर घेतलं. पुढचे दोन दिवस एक हमाल दारातून आकडा ओरडायचा आणि मी कॉम्प्रेसर चालू-बंद करायचो. काकू वरच्या थरातली नरम फळं निवडत बसल्या होत्या.

पुण्याचा इंजिनीअर आला. त्याने व्हायरस शोधला, तारीख काढली आणि विचारलं, "या दिवशी कोणी काय लावलं होतं?"

खोलीतल्या पाचही जणांना अचानक काही आठवेना.

त्याने सगळं पुसून प्रोग्रॅम नव्याने बसवला आणि तसबिरीपुढची सीडी मागितली. शेटजी कचरले. मग त्यांनीच तोड काढली, "हे नवं काम कुठं हाये? दुरुस्तीच तं हाये." कुंकू पुसून सीडी आत गेली. पासवर्ड बदलला, स्क्रीनवरची चिठ्ठी निघाली, इंटरनेटसाठीची फोनची तार लागेल तेव्हाच जोडायची असं ठरलं. संगणकाला पेन ड्राइव्ह लावायच्या पुढच्या खाचा मी सुताराकडच्या, लाकडाच्या भेगा भरायच्या लांबीने बुजवून टाकल्या. फलक त्याच दुपारी लिहिला.

पण हा सगळा प्रकार कशाने झाला हे जावईबापूंना सांगणार कोण? सासऱ्याने सांगायचं नाही, सासूला कळू द्यायचं नाही आणि माझी तेवढी पायरी नाही. तेव्हा पुढच्या रविवारी बापू निर्मळ मनाने परत आले. सोबत तोच पेन ड्राइव्ह, आता त्यात गाणी. पुढच्या खाचा लिंपलेल्या पाहून ते हसले. "मागं पण असते जी," म्हणाले आणि टेबलामागे वाकले.

काकू तिथेच भिंतीला टेकून उभ्या होत्या. भाव आला होता, त्यांचा ट्रक मंगळवारी लागायचा होता. शेटजी म्हणाले, "बापू, आधी सरबत घ्या न." बापू म्हणाले, "घेतो न, हे लावून." मी घसा खाकरला. एवढंच माझ्याने झालं. बापूंचा हात मागच्या खाचेपर्यंत पोचला. शेटजी पुन्हा छताकडे पाहू लागले.

तेव्हा काकूंच्या तोंडून निघून गेलं, "जवाई शेटजीचा असन, संत्रा माहा हाये. हात काढा."