ओवी आमच्याकडे राहिली होती

गेल्या शुक्रवारी इथे आखातात, सालमियात एका बुटांच्या दुकानाबाहेर मनीषा भेटली... किती वर्षांनी! मीच हाक मारली. ती वळली, हसली, पण हसण्याआधी क्षणभर थबकली. ते थबकणं मला लागलं.

मनीषा मूळची परभणीची, इथे एका हॉस्पिटलमध्ये नर्स. फिंतासला आमचे फ्लॅट समोरासमोर होते. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची, इतकं येणं-जाणं.

कोरोना आला तेव्हा तिचा नवरा वडिलांच्या आजारपणासाठी परभणीला गेलेला होता... आणि इकडे विमानं बंद झाली. त्यातच मनीषाला कोविड वॉर्डात ड्युटी लागली. स्टाफची सोय एका हॉटेलात केलेली, घरी यायचं नाही. आणि तिची लेक ओवी जेमतेम चार वर्षांची.

दारात उभं राहून ती एवढंच म्हणाली, "ताई, थोडे दिवस हिला ठेवून घेशील?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" मी म्हटलं. आमचा अथर्व पुण्यात हॉस्टेलवर अडकला होता, त्याची खोली रिकामीच होती. खरं सांगायचं तर घरात लेकरू आलं याचा मला आधारच वाटला.

थोडे दिवस म्हणता म्हणता ईद होऊन गेली, अख्खा उन्हाळा गेला... कर्फ्यूचा भोंगा वाजला की ओवी कानांवर हात ठेवून माझ्या कुशीत शिरायची. शेजारचा महबूला भाग तर कुंपण घालून बंद केलेला. बाल्कनीतून नुसता रिकामा रस्ता आणि समुद्राचा एक तुकडा दिसायचा. माझा नवरा श्रीकांत तिच्यासाठी हॉलमध्ये घोडा व्हायचा, गुडघे दुखायला लागले तरी.

मनीषाचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. सुरुवातीला ओवी फोनला चिकटून रडायची. मग हळूहळू दोन शब्द बोलून खेळायला पळायला लागली... मला वाटायचं, बरं झालं, रमली पोरगी.

एका दुपारी असाच कॉल चालू होता. मनीषाच्या गालांवर मास्कचे लाल वळ उठलेले. ओवी खाली ब्लॉक्स रचत बसली होती. मान वर न करता ती मला म्हणाली, "आई, पाणी."

मी हसून म्हटलं, "अगं वेडे, आई तिकडे बघ, फोनमध्ये!" फोनकडे पाहिलं तर स्क्रीन काळी. नेटवर्क गेलं असेल असं वाटलं.

मनीषा परत आली तेव्हा दारातच गुडघ्यांवर बसली आणि तिने हात पसरले. ओवी माझा गाऊन धरून माझ्यामागे लपली. शेवटी मीच तिला उचलून आईच्या कडेवर दिलं. समोरचं दार बंद झाल्यावर तिचं रडणं ऐकू येत राहिलं... मी इकडे कडीवर हात ठेवून उभी होते. पण गेले नाही.

पुढे महिनाभरातच त्यांनी घर बदललं. हॉस्पिटलची बस तिथून जवळ पडते म्हणाली. फोन कमी होत गेले, मग दिवाळीचा मेसेज, मग तोही नाही. आमच्याकडून काय राहिलं असेल, हे मी श्रीकांतला किती वेळा विचारलं असेल...

शुक्रवारी मी काहीच विचारलं नाही. तीच बोलली. "ताई, बससाठी नव्हतो गं गेलो आम्ही."

मग थांबतच नव्हती. "रोज तुझ्याकडे यायचं म्हणून आतून दाराशी बसून रडायची ती. मी जवळ घेतलं की अंग चोरायची. तू माझी लेक सांभाळलीस, आणि मला तुझाच राग यायला लागला होता. मग स्वतःचीच लाज वाटायची. तुला तोंड कसं दाखवणार?"

मी म्हटलं, "त्या दिवशीचा तो फोन..."

"मीच कट केला. बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत वॉर्डात गेले. बेडवरची माणसं वाट बघत होती."

"आणि मी इकडे समजत होते, आमचंच काही चुकलं."

"तुझं काय चुकणार, ताई? कुणाचंच नाही चुकलं."

तेच तर जास्त दुखलं. कुणाचं चुकलं असतं तर भांडलो असतो, माफी मागितली असती, पुन्हा दारं उघडली असती. इथे दोघीही आपापल्या घरात एकमेकींची आठवण काढत बसलो... इतकी वर्षं.

तेवढ्यात ओवी दुकानातून बाहेर आली. माझ्या खांद्याला लागली आता. मनीषा म्हणाली, "ओवी, ही काकू. लहानपणी तू हिच्याकडे राहायचीस."

"रिअली? आय डोंट रिमेंबर, आंटी. सॉरी," ती लाजून हसली.

"सॉरी कशाला बाळा," मी म्हटलं. ते दिवस तिला आठवत नाहीत, हे चांगलंच झालं. मनापासून वाटलं तसं. फक्त त्या दिवसांबरोबर मीही गेले, हे पचवायला थोडा वेळ लागला.

पुढच्या महिन्यात ते सगळे आयर्लंडला चाललेत. तिला तिकडे नोकरी मिळाली आहे. मी म्हटलं, जायच्या आधी एका शुक्रवारी तिघंही जेवायला या. "येते," म्हणाली आणि माझा हात घट्ट धरला. मनीषा, हे वाचत असशील तर... तू बोललीस, फार बरं केलंस.

निघता निघता मी तिला विचारलं, "ओवीला काय आवडतं गं जेवायला?"

हे मला विचारावं लागलं.