दवाखान्यातली स्पॅनिशची वही

फरशी पुसताना फिनेलचा वास आला की मी पंचवीस वर्षांपूर्वीच्या जालन्याच्या दवाखान्यात पोचते. आत माझ्या वडिलांचं, अण्णांचं ऑपरेशन चाललं होतं. बाहेर बाकावर मी परवाच्या स्पॅनिशच्या परीक्षेसाठी पुटपुटत होते. 'तो यावा', 'तो जगावा' अशा इच्छेला त्या भाषेत क्रियापदाचं निराळं रूप लागतं, तेच पाठ करत होते.

शेजारी बसलेल्या, वाटूर गावाहून आलेल्या एका अनोळखी मावशींनी हात जोडले. "कोन्त्या देवाचं स्तोत्र म्हणून राह्यली, बाई?"

मी मांडीवरची वही मिटायला लागले. दारावरची नजर न काढता आई म्हणाली, "थांबू नको. मोठ्यानं म्हण."

दार उघडेपर्यंत मी म्हणत राहिले. अण्णा वाचले. आईनंही ते स्तोत्रच समजलं असं वाटून, तिला फसवल्याची टोचणी मात्र कितीतरी वर्षं राहिली. मग एकदा लक्षात आलं, वही कशाची आहे हे तिला ठाऊकच होतं. खाकी कव्हर घालून त्यावर 'स्पॅनिश' असं तिनंच लिहिलं होतं.