शेवटच्या अल्बमला शून्य

फिनेलचा वास आला की नांदेडमधलं नर्सिंगचं हॉस्टेल आठवतं. एका रविवारी खोली पुसून झाल्यावर मी आणि हिमायतनगरची माझी मैत्रीण एकच इअरफोन दोघींत लावून, ओल्या फरशीवर पाय न टेकवता कॉटवर बसलो. आमच्याच भागातल्या एका रॅपरचे सगळे अल्बम क्रमानं ऐकून मार्क द्यायचं ठरलं होतं. पहिल्यात तो घरच्या बोलीत आईवर गायला होता; त्याला मैत्रिणीनं दहापैकी नऊ दिले. मधल्या दोन्हींना सहा-सहा. शेवटचा त्यानं पुण्याला गेल्यावर काढलेला. त्यात दोन गाण्यांच्या मधे तो दवाखान्यात आलेल्या खेड्यातल्या बाईची नक्कल करत होता, "मला न्हाई समजत, साहेब," आणि मागे लोक खदखदून हसत होते. मैत्रिणीनं इअरफोन उपटला. "माझी आई अशीच बोलते. हा तिलाच हसून राहिला." रागानं माझे कान तापले. मी म्हटलं, "शून्य दे." तिनं विचारलं, "आन् पहिल्याचे नऊ?" "ते राहू दे. ते त्याच्या आईचे हायेत." आता ती मुंबईच्या दवाखान्यात नर्स आहे. परवा फोनवर मी विचारलं, "जेवलीस का गं?" एरवी नुसतं 'हाव' म्हणणारी ती जपून म्हणाली, "हो, जेवण झालं माझं." मी फोन ठेवला आणि त्या रॅपरला मनसोक्त शिव्या घातल्या.