कुंपणावरची कळलावी

मी शिकलो तो अनसूयामावशीमुळे. ती गावची सुईण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले.

आज ऑफिसच्या कुंपणावर कळलावी फुललेली दिसली, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. तिचे नाव ज्याला सांगावे असे जवळ कुणी नव्हते. अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून मावशी कळलावीचा कंद उगाळून तिच्या तळपायांना लावायची. बाळ रडले की ओरडायची, "अगं बायांनो, आधी तिचे पाय धुवा! बाळ काय पळून जातंय?" कंद विषारी, काम झाल्यावर पायांवर क्षणभरही ठेवायचा नाही. बारावीनंतर मलाही तिने अशाच घाईने शहराच्या एसटीत बसवले.

खोलीवर येऊन पत्र लिहिले : "मावशी, नोकरी चांगली आहे. बोलायला कुणी नाही. गौरीला येतो. यंदा लगेच परत पाठवू नकोस."