हयात असल्याची बातमी

वर्तमानपत्रात आयुष्य काढलेल्या माणसाकडे कात्रणं साठतात, असं लोकांना वाटतं. माझी कात्रणं राहेलने, म्हणजे माझ्या बायकोने, कधीच रद्दीत घातली. साठले ते किस्से, कारण ते रद्दीवाला घेत नाही. आता आम्ही जुनी मंडळी संध्याकाळी कॅम्पातल्या इराण्याकडे बसतो. बनमस्का येईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "नवगावकर, तो भाऊसाहेबांचा सांग." एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. एकदा लिहूनच काढतो, म्हणजे बनमस्का तरी गरम खाता येईल.

*

आमचं सायंदैनिक बुधवार पेठेत, स्पीकर विकणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. खाली दिवसभर "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" चालायचं आणि वर आम्ही देशाचं भवितव्य लिहायचो.

मी नोकरी मागायला गेलो तेव्हा संपादक दामलेसाहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"नवगावकर. कोकणातले?"

"हो. अलिबागजवळचे."

"कोकणस्थ?"

"नाही. ज्यू. बेने इस्रायल."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, आता इतिहास सांगावा लागणार: आमचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले वगैरे. तेही मी पाठ करून आलो होतो. साहेब म्हणाले, "ते असू दे. 'निःस्पृह' लिहून दाखवा."

मी लिहून दाखवलं.

"विसर्ग आहे. उद्यापासून या."

मी धीर करून म्हटलं, "साहेब, शनिवारी आम्ही काम करत नाही. धर्माने मनाई आहे."

"इथे कोणत्याच वारी कोणी करत नाही," साहेब म्हणाले. "सांगून टाकणारे तुम्ही पहिले."

*

पश्चिम आशियात कुठेही बॉम्ब पडला की अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायचं. एकदा सकाळी आल्या आल्या साहेबांनी केबिनमधून हाक मारली.

"नवगावकर, काय परिस्थिती आहे तुमच्याकडे?"

"दोन दिवस नळाला पाणी नाही, साहेब."

"मी इस्रायलबद्दल विचारतोय."

"त्यांच्याकडे आहे की नाही, मला ठाऊक नाही."

साहेबांनी मान डोलावली आणि अग्रलेख लिहायला घेतला. त्यात "आमच्या खास सूत्रांनुसार परिस्थिती अस्पष्ट आहे" असं वाक्य होतं. त्या दिवसापासून मी सूत्र झालो.

*

आता भाऊसाहेब. हे आमच्या रास्ता पेठेतले नगरसेवक. माणूस वाईट नव्हता, पण फोटो निघाल्याशिवाय त्यांना घडलेली गोष्ट घडली असं वाटत नसे. कुठेही जाताना बरोबर एक फोटोग्राफर, आणि फोटो संध्याकाळी आमच्या अंकात.

आम्ही बेने इस्रायल आमच्या प्रार्थनास्थळाला पिढ्यान् पिढ्या 'मशीद' म्हणतो. आमच्या नव्याच्या सणाला, म्हणजे नववर्षाला, भाऊसाहेबांनी मला रस्त्यात गाठलं. "नटूनथटून कुठे?"

"मशिदीत. सण आहे आमचा."

तासाभराने भाऊसाहेब मशिदीच्या दारात हजर. बरोबर फोटोग्राफर, हातात हिरवी चादर. आमच्या मंडळाचे प्रमुख, ज्यांना आम्ही मुकादम म्हणतो, ते वयोवृद्ध आणि भिडस्त गृहस्थ. त्यांनी चादर घेतली. भाऊसाहेबांनी छोटेखानी भाषण केलं आणि सर्वांना ईद मुबारक म्हणाले. आमच्यातल्या दोघांनी संकोचाने "आपल्यालाही" म्हटलं.

चादरीचं काय करायचं कळेना. शेवटी मुकादम ती घेऊन समोरच्या रशीदभाईंकडे गेले. रशीदभाईंचं फोटो फ्रेमचं दुकान, तीन पिढ्यांपासूनचं. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली.

"चादर दर्ग्यावर चढवतात, मुकादम. मशिदीत नाही," ते म्हणाले. मग चादर ठेवून घेत, "आणि आमच्या ईदला तर हे कधी आले नाहीत."

बातमी मीच लिहायची होती. मी साहेबांना विचारलं, काय लिहू. साहेब म्हणाले, "घडलं ते." मी लिहिलं, 'भाऊसाहेबांनी ज्यू बांधवांना त्यांच्या नववर्षानिमित्त ईदच्या शुभेच्छा दिल्या.' आता हे भांडायला येणार म्हणून मी दुसऱ्या दिवशी तयारीत बसलो.

भाऊसाहेब पेढे घेऊन आले. "नवगावकरसाहेब, तुमच्यासारखं खरं कोणी लिहीत नाही. बाकीचे पेपरवाले काहीतरी बदलतात."

*

त्या नववर्षापासून दहाव्या दिवशी आमचा दारफळणीचा सण येतो. दारं लावून घ्यायची, पहाटेच पांढरे कपडे घालून मशिदीत जायचं आणि अंधार पडेपर्यंत उपास करायचा. पाणीसुद्धा नाही. कोणाशी बोलायचं नाही, कोणाकडे जायचं नाही.

या खेपेला भाऊसाहेबांनी नीट चौकशी केली होती. सण ज्यूंचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या घरी आले. दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "सगळे पांढरे कपडे घालून पहाटेच गेले." भाऊसाहेबांची वेळ फुकट घालवायची पद्धत नव्हती. त्यांनी बंद दारासमोर हात जोडले, नजर खाली घातली आणि फोटो काढून घेतला.

मी रजेवर. दामलेसाहेब एका लग्नाला साताऱ्याला. ऑफिसात एक नवा उपसंपादक. त्याने फोटोग्राफरला विचारलं, "हे काय आहे?"

"नवगावकरांचं घर. पांढऱ्या कपड्यांत गेले म्हणे सगळे."

उपसंपादक संवेदनशील होता. त्याने फोटोखाली लिहिलं, 'नवगावकर कुटुंबीयांचे सांत्वन करताना भाऊसाहेब.'

अंधार पडल्यावर आम्ही घरी आलो तर जिन्यात वीस-पंचवीस माणसं. मला बघून काकू मटकन खाली बसल्या. सावरल्यावर त्यांनी भाऊसाहेब सकाळी पेढे घेऊन आल्याचं सांगितलं. कोणीतरी पिठलं-भात आणला होता. तेवढ्यात भाऊसाहेब आले, हातात भलंमोठं पुष्पचक्र.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर सकाळी सणाच्या शुभेच्छा द्यायला आला होतात ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं," भाऊसाहेब म्हणाले. "पेपर वाचला तेव्हा कळलं."

राहेलने पुष्पचक्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि पानं घेतली. दिवसभराच्या उपासावर तसलं पिठलं मी नंतर कधी खाल्लं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडे खुलासा छापायची मागणी केली. साहेब म्हणाले, "तुम्ही हयात आहात, ही बातमी कशी होईल? परवा होतात, काल होतात, आज आहात. यात नवीन काय?"

"साहेब, लोक घरी येतायत. राहेलला सगळ्यांचा चहा करावा लागतोय."

शेवटी चौथ्या पानावर चौकट आली. 'नवगावकर कुटुंबात सर्व जण हयात आहेत. वाचकांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

*

मग इस्रायलशी आपले राजनैतिक संबंध जुळले आणि पुढाऱ्यांचे ठिबक सिंचनाचे अभ्यासदौरे सुरू झाले. भाऊसाहेबांनीही नाव घातलं. मी विचारलं, "तुमच्या वॉर्डात शेती कुठे आहे?"

"कुंड्या आहेत की."

दौऱ्याहून त्यांनी एकच फोटो आणला. मृत समुद्राच्या पाण्यावर भाऊसाहेब उताणे पडलेत आणि आमचा अंक वाचतायत. साहेबांना अंक दिसत असल्यामुळे तो फोटो आवडला. मी ओळ दिली, 'मृत समुद्रावर तरंगताना भाऊसाहेब.'

दुसऱ्याच दिवशी विरोधकांचं पत्र आलं. त्या समुद्रात क्षारामुळे कोणीही तरंगतं, यात भाऊसाहेबांचं कर्तृत्व काय, आपल्या दैनिकाने वाचकांची दिशाभूल केली आहे.

साहेबांनी मला बोलावलं. "नवगावकर, खरं सांगा. बुडतं का तिथे कोणी?"

"साहेब, मी आयुष्यात अलिबागच्या पलीकडे गेलेलो नाही."

"पण तुम्ही ज्यू."

"अलिबागला बुडतात, एवढं सांगू शकतो."

पत्र छापलं. त्यावर भाऊसाहेबांचं उत्तर आलं की, विरोधकांनी तिथे जाऊन तरंगून दाखवावं, खर्च आपण करू. त्यावर विरोधकांचं आलं की, प्रश्न तरंगण्याचा नसून हेतूचा आहे. मग एका निवृत्त प्राध्यापकांनी पाण्याच्या घनतेवर लिहिलं. आठवडाभर बुधवार पेठेत दुसरा विषय नव्हता. शेवटी साहेबांनी प्राध्यापकांच्या पत्राखाली ओळ टाकली, 'या विषयावरील पत्रव्यवहार आता थांबवण्यात येत आहे. दोन्ही बाजू तरंगतात. संपादक.'

*

एका दुपारी भाऊसाहेब ऑफिसात आले, आणि बरोबर फोटोग्राफर नव्हता. मला ते विचित्र वाटलं. खुर्चीवर बसून ते बराच वेळ खालचं माइक टेस्टिंग ऐकत राहिले.

"डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी काढलंय," ते म्हणाले. "तसं काळजीचं नाही म्हणतात. पण मी गेलो तर पेपरात काय येईल?"

"तुमच्याबद्दल येईल की."

"ते तुम्ही लिहा. आत्ताच लिहून ठेवा, मी वाचून जातो. दामलेसाहेबांनी लिहिलं तर लोक म्हणतील, बामणाने खवचटपणा केला. आमच्यातल्या कोणी लिहिलं तर म्हणतील, आपल्या माणसाचं कौतुक केलं. तुम्ही कोणाचेच नाही. तुमचं लोक खरं मानतील."

आमचे लोक या मातीत किती शतकं आहेत, याचा हिशेब आम्हालाही लागत नाही. तेव्हा 'तुम्ही कोणाचेच नाही' हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण समोरचा माणूस ते शिफारस म्हणून बोलत होता, आणि घाबरलेला होता. मी कागद पुढे ओढला.

"सांगा. काय काय केलंत?"

भाऊसाहेबांनी छताकडे पाहिलं. मग खिडकीकडे. चहा आला, निवला. शेवटी म्हणाले, "त्या दवाखान्यामागच्या बोळात दिवा लावला."

"घरी जाताना बघतो आणि लिहितो."

"बघायचं कशाला?"

"बघितल्याशिवाय मी लिहीत नाही. तुम्हीच म्हणालात, लोक खरं मानतील."

बोळात खांब होता, दिवा नव्हता. सकाळी भाऊसाहेबांना तसं सांगितलं. संध्याकाळी दिवा लागला. मी पहिलं वाक्य लिहिलं.

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. दर आठ-पंधरा दिवसांनी भाऊसाहेब एक नवी ओळ घेऊन यायचे. शाळेची गळकी कौलं, गटारावरची झाकणं, बायकांसाठी मुतारी. मी जाऊन बघायचो. झालेलं नसायचं. मग व्हायचं. मग मी लिहायचो. पेठेत ही गोष्ट कशी पसरली कोण जाणे, लोक अर्ज घेऊन महापालिकेत जाण्याऐवजी माझ्या दारात यायला लागले.

"नवगावकर, आमच्या चाळीचा नळ घ्या की मृत्युलेखात."

रशीदभाई आले, दुकानासमोरच्या खड्ड्यासाठी. काकू आल्या, जिन्याजवळच्या कचरापेटीसाठी. राहेल म्हणाली, "अहो, सगळ्यांचं लिहिता, आपल्या गल्लीतल्या फरश्याही उखडल्यात." मी तेही भाऊसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "त्याने लेखाला उठाव येईल?" मी म्हटलं, येईल. फरश्या बसल्या.

वॉर्डात फिरून फिरून भाऊसाहेबांचं वजन उतरलं. डॉक्टर खूश झाले. चेहऱ्यावर तकाकी आली. आणि लेख वाढत वाढत पानभर झाला.

मग एके दिवशी तो दामलेसाहेबांच्या हाती लागला. नेमके त्याच वेळी भाऊसाहेबही आले होते. माझ्या आयुष्यात मी इतकी कामं एका जागी लिहिलेली नव्हती, आणि एकही खोटं नव्हतं. साहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पेन्सिल उचलली आणि कापायला लागले. भाऊसाहेब उभे राहून बघत होते. पान संपलं तेव्हा उरल्या तीन ओळी. साहेबांनी खाली स्वतःची एक ओळ जोडली आणि कागद भाऊसाहेबांच्या हातात दिला.

भाऊसाहेबांनी मोठ्याने वाचलं, "'नगरसेवक भाऊसाहेब यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या वॉर्डात दिवे, नळ, गटारे, फरश्या इत्यादी कामे केली. ती समाधानकारक आहेत. ही कामे नगरसेवकाचीच असतात.'"

त्यांनी परत एकदा मनात वाचलं. कागदाची नीट घडी घालून तो साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब," ते शांतपणे म्हणाले, "एवढ्यासाठी मी मरणार नाही."